वातीला काजळी का धरते? सुगंधी मेणबत्तीच्या सूचनांमागचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/
सुगंधी मेणबत्तीच्या काचेच्या पेल्याखाली एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली असते. दर वेळी पेटवण्यापूर्वी वात सुमारे सहा मिलिमीटर उरेल इतकी कापावी. पहिल्या खेपेस संपूर्ण पृष्ठभाग वितळेपर्यंत तेवत ठेवावी. सलग चार तासांहून अधिक जाळू नये. वाऱ्याच्या झोतात ठेवू नये. तळाशी थोडे मेण उरले की वापर थांबवावा. बहुतेक घरांत ही चिठ्ठी न वाचताच मेणबत्ती पेटते. मग काही दिवसांत काच काळवंडते, मेणाच्या मधोमध विहीर पडते आणि खोलीत सुगंधाऐवजी धुराचा वास रेंगाळतो.

२/
ही चिठ्ठी म्हणजे एका विस्मृत कामाचा अवशेष आहे. मेणबत्तीची निगा राखणे हे एकेकाळी घरातील रोजचे, कंटाळवाणे आणि बहुधा नोकरांवर सोपवलेले काम होते. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्राने ते काम संपवले. विसाव्या शतकात मेणबत्तीत सुगंध शिरला आणि त्याच्यामागून ते काम परत आले. या धाग्यात त्या जाण्याची आणि परतण्याची हकिकत आहे.

३/
विजेपूर्वीच्या युरोपात मेणबत्त्या मुख्यतः दोन प्रकारच्या होत्या. मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या महाग असत. त्या चर्चमध्ये, राजवाड्यांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जळत. सामान्य घरांत गुरामेंढरांची चरबी वितळवून केलेल्या मेणबत्त्या असत. इंग्लंडमध्ये तर १७०९ च्या कायद्याने मेणबत्त्यांवर कर बसला आणि परवान्याविना घरी मेणबत्त्या करण्यास मनाई झाली. हा कर १८३१ मध्ये उठला. तोवर शतकाहून अधिक काळ उजेड ही करपात्र वस्तू होती.

४/
चरबीच्या मेणबत्तीला दोन मोठे दोष होते. पहिला दोष वासाचा. चरबी तापली की तिच्यातील ग्लिसरीनपासून ॲक्रोलीन नावाचा झोंबणारा वायू तयार होतो. करपलेल्या तेलाने डोळ्यांत पाणी येते ते याच वायूमुळे. असली मेणबत्ती विझवली की सारी खोली त्या दर्पाने भरून जाई. म्हणजे मेणबत्तीत सुगंध घालण्याचा विचार सुचण्याआधी तिच्यातील दुर्गंध काढणे आवश्यक होते.

५/
दुसरा दोष वातीचा. जुनी वात पीळ दिलेल्या सुताची असे. मेणबत्ती खाली उतरत जाई, पण वात ज्योतीच्या मध्यभागी सरळ उभी राही. ज्योतीच्या पोटात हवा पोहोचत नाही, त्यामुळे तिथे वात जळून राख होत नाही, नुसती कोळशासारखी काळी पडते. या वाढलेल्या वातीतून चरबी गरजेपेक्षा जास्त वर चढते, हवा तेवढी पुरत नाही, आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. उष्णतेने कडा वितळून चरबीचे ओघळ खाली येत आणि मेणबत्ती अकाली संपे.

६/
या दोषाचे मोजमाप काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) या शास्त्रज्ञाने केले. नुकतीच वात खुडलेल्या चरबीच्या मेणबत्तीचा प्रकाश १०० धरला, तर अकरा मिनिटांत तो ३९ वर येई आणि एकोणतीस मिनिटांत १६ वर. वात पुन्हा खुडली की प्रकाश पुन्हा १०० होई. याचा व्यवहारातील अर्थ असा, की वाचायला किंवा शिवायला बसलेल्या माणसाने दर काही मिनिटांनी हातातले काम ठेवून वातीकडे वळणे भाग होते.

७/
त्यासाठी खास कात्री असे. तिच्या पात्यावर एक लहानशी डबी बसवलेली असे, म्हणजे कापलेले जळके टोक टेबलावर न पडता डबीत पडे. श्रीमंतांकडे ही कात्री चांदीची असे आणि ती चालवणारा हात नोकराचा. नाट्यगृहांत याच कामासाठी माणसे नेमलेली असत आणि नाटक चालू असताना ती रंगमंचावर येऊन वाती खुडून जात. कात्री चालवताना हात चुकला तर ज्योतच मालवे.

८/
हा प्रश्न केवळ युरोपचा नव्हता. वातीच्या टोकाशी साचणाऱ्या जळक्या बोंडाला फारसीत 'गुल', म्हणजे फूल, असे नाव होते. ते खुडण्याच्या साधनाला 'गुलगीर' म्हणत. वीज गेल्यावर 'बत्ती गुल' म्हणणाऱ्याच्या तोंडी नकळत हाच जुना शब्द येतो. अकबराच्या दरबारातील दिव्यांची व्यवस्था अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त नोंदवली आहे. सूर्यास्तानंतर सोन्यारुप्याच्या बारा शमादानांत बारा 'काफूरी' मेणबत्त्या पेटवून बादशहापुढे आणल्या जात. 'काफूरी' या शब्दात कापूर आणि कापरासारखा शुभ्र रंग असे दोन्ही अर्थ सामावतात.

९/
त्याच ग्रंथात सुगंधाचे खाते मात्र निराळे आहे. अंबर आणि अगरू यांच्या धुपाने दरबार दरवळत ठेवण्याची जबाबदारी 'खुशबूखान्या'ची होती, दिव्यांची नव्हे. हिंदू पूजेतील पंचोपचारांतही गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य असे पाच वेगवेगळे उपचार आहेत. गंध लावायचा, धूप जाळायचा, दीप ओवाळायचा. सुगंध आणि उजेड एकाच वस्तूतून मिळावेत ही कल्पना रूढ होण्यासाठी मेण आधी निर्गंध व्हावे लागले. ती कामगिरी पॅरिसमध्ये झाली.

१०/
मिशेल यूजेन शेव्हरल (१७८६–१८८९) या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८११ च्या सुमारास साबणाच्या एका नमुन्याचे पृथक्करण हाती घेतले. त्यातून चरबीची रचना त्याला उलगडत गेली. चरबी हा एकजिनसी पदार्थ नसून मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचे संयुग आहे, हे त्याने सिद्ध केले. या संशोधनाचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'ग्लिसरीन' हे नावही त्यानेच दिलेले आहे.

११/
चरबीतून ग्लिसरीन वेगळे केले की झोंबणाऱ्या वासाचे मूळच जाते. उरलेल्या मेदाम्लांतील घट्ट भाग, म्हणजे स्टिअरिक आम्ल, पांढरा आणि कडक असतो. तो बोटाला चिकटत नाही आणि उजेड चांगला देतो. १८२५ मध्ये शेव्हरल आणि गे-ल्युसाक यांनी अशा मेणबत्तीचे पेटंट घेतले, पण धंदा काही जमला नाही. तो जमवला द मिली या उद्योजकाने. १८३१ च्या सुमारास पॅरिसच्या एतवाल वेशीजवळ त्याचा कारखाना उभा राहिला. एतवाल म्हणजे तारा. त्यावरून त्याचा माल 'तारा मेणबत्ती' म्हणून ओळखला जाऊ लागला.

१२/
वातीचा प्रश्न त्याच काळात सुटला. १८२५ च्या सुमारास कांबासेरेस या फ्रेंच माणसाने पिळाच्या सुताऐवजी वेणीसारखी गुंफलेली वात वापरली. वेणीत एका बाजूचा ताण थोडा अधिक राहिला की जळताना वात आपोआप वाकते. तिचे टोक ज्योतीच्या कडेला येते, तिथे त्याला हवा मिळते आणि ते जळून जाते. पुढे वात बोरिक आम्लात भिजवू लागले, म्हणजे राखेचा मणी होऊन तो गळून पडे. मेणबत्ती आता स्वतःची वात स्वतःच खुडू लागली.

१३/
हा बदल दिसायला अगदी किरकोळ होता, परंतु त्यामुळे एक अख्खे काम घरातून नाहीसे झाले. इंग्लंडमध्ये प्राइस कंपनीने १८४० मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या विवाहाच्या निमित्ताने, चरबीचे स्टिअरिन आणि खोबरेल यांच्या मिश्रणाची 'कात्री न लागणारी' मेणबत्ती बाजारात आणली. विवाहाच्या रात्री खिडक्यांत मेणबत्त्या लावण्याची प्रथा होती. कात्री हातात घेऊन खिडकीशी उभे राहण्याची गरज आता उरली नाही.

१४/
या सोयीची किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजली जात होती. प्राइस कंपनी पश्चिम आफ्रिकेतून पामतेल आणू लागली. या व्यापारामुळे गुलामांचा व्यापार मागे पडेल, अशी तिची जाहिरात होती. त्याआधी उत्तम मेणबत्ती म्हटली की स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातील मेणाची, आणि त्यासाठी महासागरांत देवमाशांची कत्तल चाले. लंडनच्या १८६० च्या गॅस कायद्याने प्रकाशाचे अधिकृत माप ठरवले तेही याच मेणाच्या मेणबत्तीवरून. सहा मेणबत्त्यांचे वजन एक पौंड भरावे आणि प्रत्येकीने तासाला १२० ग्रेन मेण जाळावे, असे ते प्रमाण होते. प्रकाशतीव्रतेच्या आजच्या एककाचे 'कँडेला' हे नाव अजूनही मेणबत्तीची आठवण ठेवून आहे.

१५/
दुसरी किंमत आरोग्याची होती. स्टिअरिक आम्ल थंड होताना त्याचे मोठे स्फटिक बनतात आणि मेणबत्ती ठिसूळ होते. ते टाळण्यासाठी काही कारखानदार त्यात आर्सेनिक मिसळू लागले. मेणबत्ती शुभ्र आणि गुळगुळीत दिसे, आणि तिच्या ज्योतीबरोबर घरात विष पसरे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीने १८३७ मध्ये या प्रकाराच्या चौकशीसाठी समिती नेमली. प्राणी आणि पक्षी अशा मेणबत्त्यांच्या धुरात ठेवून प्रयोग करण्यात आले. बंद खोलीत काय जळते आहे, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, हा विचार त्या वादात प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आला.

१६/
मायकेल फॅरेडेने १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०–६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर व्याख्याने दिली. ज्योतीत मेण द्रवरूपात जळत नाही, ते वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते, हे त्याने प्रयोगाने दाखवले. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला काडी लावली की ज्योत धुरावरून खाली उतरून वात पुन्हा पेटते. तो धूर म्हणजे न जळलेल्या मेणाची वाफ असते. फुंकर मारल्यावर येणारा उग्र वास याच वाफेचा.

१७/
याच सुमारास पॅराफिन आले. जेम्स यंगने १८५० मध्ये दगडी कोळशापासून पॅराफिन काढण्याचे पेटंट घेतले. प्राइस कंपनीने १८५० च्या दशकात ब्रह्मदेशातील खनिज तेलापासून, ज्याला 'रंगून तेल' म्हणत, मेण काढण्यास आरंभ केला. पॅराफिन स्वस्त होते, पांढरे होते, आणि मुख्य म्हणजे जवळजवळ निर्गंध होते. 'मेण' हा शब्द मुळात मधमाश्यांच्या पोळ्यातला. मराठीत 'मेणबत्ती' हे नाव टिकून राहिले, आतले मेण मात्र पूर्णपणे बदलले.

१८/
मेणबत्ती अशी निर्दोष होत असतानाच तिची गरज संपत चालली होती. शहरांत आधी गॅसचे दिवे आले आणि १८८० च्या दशकापासून विजेचे. उजेडाचे काम हातून गेल्यावर मेणबत्तीपुढे दोनच वाटा उरल्या: देवासमोर जळणे किंवा शोभेसाठी जळणे. दुसऱ्या वाटेवर तिला सुगंधाची जोड मिळाली.

१९/
पॅरिसच्या त्रुदों या घराण्याचा मेणबत्त्यांचा व्यवसाय १६४३ पासूनचा. पुढे ते राजदरबाराला माल पुरवू लागले. आज हेच नाव महागड्या सुगंधी मेणबत्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. बुलेव्हार सां-जर्मेंवर १९६१ मध्ये तीन मित्रांनी 'डिप्टिक' नावाचे दुकान उघडले आणि १९६३ मध्ये चहा, दालचिनी आणि हॉथॉर्नची फुले अशा तीन गंधांच्या मेणबत्त्या विक्रीस ठेवल्या. अमेरिकेत १९६९ मध्ये मायकेल किट्रेज या शाळकरी मुलाने रंगीत खडू वितळवून आईसाठी नाताळची भेट म्हणून मेणबत्ती केली. 'यँकी कँडल' या कंपनीचा आरंभ तिथून झाला. १९९० च्या दशकात सोयाबीनचे मेण आले.

२०/
सुगंध आला आणि जुना आजार उलटला. कांबासेरेसची वात उभ्या, सडपातळ आणि निर्गंध मेणबत्तीसाठी योग्य होती. काचेच्या रुंद पेल्यातील मेणबत्तीत परिस्थिती वेगळी असते. मेण ओघळून जात नाही, पेल्यातच साचते. पेल्याच्या भिंतींमुळे हवा कमी पोहोचते. मेणात मिसळलेल्या सुगंधी तेलांतील जड घटक पुरते जळत नाहीत आणि वातीच्या टोकाशी त्यांचा काळा गोळा जमतो. कारखानदार त्याला 'मशरूम' म्हणतात. फारसीत ज्याला फूल म्हटले जाई, त्याला आता अळंबीचे नाव मिळाले.

२१/
चिठ्ठीतल्या सूचनांचा अर्थ आता लागतो. वात सहा मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, ठेवण्याचा सल्ला अमेरिकेतील नॅशनल कँडल असोसिएशनही देते. वात आखूड असली की ज्योत लहान राहते, मेण बेताने वर चढते आणि पूर्ण जळते. मेण थंड झाल्यावरच वात कापावी आणि कापलेला तुकडा पेल्यात पडू देऊ नये. मेणात पडलेला कोळसा ही दुसरी वातच ठरते.

२२/
पहिल्या खेपेस मेण काठापर्यंत वितळू द्यावे, यामागे मेणाचा स्वभाव आहे. मधलाच भाग वितळून मेणबत्ती विझवली, तर पुढच्या वेळी बहुधा तेवढाच भाग आधी वितळतो. काठाचे मेण तसेच राहते, मध्ये विहीर खोल होत जाते आणि अखेर वात मेणात बुडते. शिवाय सुगंध मुख्यतः या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून हवेत पसरतो, ज्योतीतून नव्हे. ज्योत तर सुगंध जाळून टाकते. म्हणून ज्योत लहान आणि तळे रुंद असेल तितका परिमळ अधिक.

२३/
चार तासांची मर्यादा काच आणि वात दोहोंसाठी आहे. अधिक वेळ जळल्यास वातीवर काजळी साठते आणि पेला तापतो. तळाशी सुमारे अर्धा इंच मेण उरले की थांबावे, कारण त्यानंतर उष्णता थेट काचेच्या बुडाला आणि त्याखालील लाकडी फळीला लागते. विझवताना फुंकर न मारता झाकण ठेवावे, किंवा तारेच्या आकड्याने वात क्षणभर मेणात बुडवून पुन्हा सरळ करावी. फॅरेडेने दाखवलेला तो पांढरा धूर मग उठत नाही.

२४/
वाऱ्याच्या झोताची सूचना मुळात खिडक्या मिटून बसणाऱ्या थंड देशांतली. महाराष्ट्रातील घरात झोत डोक्यावरून येतो, छताच्या पंख्यातून. ज्योत सतत हलत राहिली की तिचे ज्वलन अपुरे होते आणि काच एका बाजूने काळी पडते. पंखा चालू ठेवायचा असेल तर मेणबत्ती त्या वेळी न लावलेली बरी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सोयाबीनचे मेण कपाटातही मऊ पडते आणि त्यातून तेलाचे थेंब सुटतात. त्यासाठी घरातील गार, अंधारी जागा निवडावी.

२५/
आर्सेनिकच्या प्रकरणाचीही पुनरावृत्ती झाली. पेल्यातील वात वितळलेल्या मेणात आडवी पडू नये म्हणून तिच्या गाभ्यात धातूची तार घालत. काही ठिकाणी ही तार शिशाची असे, आणि जळताना शिसे हवेत मिसळे. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिसे अत्यंत घातक असते. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने २००३ मध्ये शिशाच्या वातींवर बंदी घातली. १८३७ ते २००३ या दीर्घ काळानंतरही प्रश्न तोच होता. घराच्या हवेत काय मिसळते आहे, हे मेणबत्तीच्या शुभ्र रंगावरून कळत नाही.

२६/
ज्योतच नको असणाऱ्यांसाठी रीड डिफ्यूझर आला. सुगंधी द्रवाच्या बाटलीत काड्या उभ्या करायच्या, इतकीच त्याची रचना. काड्यांच्या सूक्ष्म नळ्यांतून द्रव केशाकर्षणाने वर चढतो आणि हवेत उडून जातो. वातीत मेण ज्या नियमाने वर चढते तोच हा नियम, फक्त शेवटी आग नाही. वस्तू नवी असली तरी तिचा एक पूर्वज गरिबांच्या घरात पूर्वीच होता.

२७/
इंग्लंडच्या खेड्यांत मेणबत्तीही न परवडणारी कुटुंबे लव्हाळ्याच्या काड्या सोलत, आतला मऊ गाभा चरबीत भिजवत आणि तो जाळत. गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग-अभ्यासक धर्मगुरूने १७७५ च्या एका पत्रात या लव्हाळ-दिव्यांचा हिशेब मांडला आहे. सव्वादोन फुटांहून थोडी लांब अशी एक काडी त्याच्या घड्याळाप्रमाणे ५७ मिनिटे जळली. एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पाव पेनीत, गरीब कुटुंबाला साडेपाच तास उजेड मिळे. शिवाय या काड्यांवर मेणबत्तीचा कर नव्हता. लव्हाळे गोळा करणे आणि सोलणे हे काम बहुधा म्हाताऱ्या बायका आणि मुले करत.

२८/
डिफ्यूझरच्या आजच्या काड्या बहुधा वेताच्या असतात. वेताच्या नळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळ्या असतात. बांबूच्या काडीत पेरे आड येतात आणि द्रव अडतो. काही दिवसांनी वरचे टोक सुकते आणि नळ्यांत धूळ बसते. म्हणून आठवड्यातून एकदा काड्या उलट्या कराव्यात, आणि गंध बदलताना जुन्या काड्या टाकून नव्या घ्याव्यात. काड्यांची संख्या कमी केली की गंध सौम्य होतो आणि बाटली अधिक दिवस पुरते. पंख्याखाली किंवा उन्हात ती लवकर आटते. हा द्रव फर्निचरचे पॉलिश खातो आणि पोटात गेल्यास अपायकारक ठरतो, त्यामुळे बाटली मुलांच्या आणि मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

२९/
वनस्पतीच्या तंतूंतून ओलावा आणि गंध एकदमच हवेत सोडण्याची युक्ती भारतात फार जुनी आहे. 'आइन-इ-अकबरी'त बांबूच्या चौकटीत वाळा भरून केलेल्या खोल्यांचे वर्णन येते. त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरे, असे अबुल फजल सांगतो. वाळ्याचे पडदे पुढे वाड्यांत आणि कचेऱ्यांत पोहोचले. या पडद्यांचीही निगा होतीच. ते सतत ओले ठेवण्यासाठी कुणीतरी दिवसभर पाणी मारत उभे असे.

३०/
गंध तयार करण्याची विद्या त्याहून प्राचीन. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ती' नावाचा अध्याय लिहिला आहे. सोळा द्रव्यांतून चार निवडण्याचे १,८२० प्रकार होतात आणि त्यांची प्रमाणे बदलत गेल्यास १,७४,७२० गंध सिद्ध होतात, असा हिशेब त्याने मांडला. सुगंधाच्या निमित्ताने हे गणित झाले आहे. 'कामसूत्रा'तील चौसष्ट कलांच्या यादीतही गंधयुक्ती आहे. सुसंस्कृत माणसाने शिकून घ्यायची ती एक कला होती.

३१/
या विद्येचा एक महत्त्वाचा दुवा पुण्यात सापडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी १९४० च्या दशकात गंगाधरकृत 'गंधसार' या संस्कृत ग्रंथाच्या हस्तलिखितावर लेखन केले. त्याच्याच जोडीला 'गंधवाद' हा ग्रंथ होता आणि त्यावर मराठी टीका होती. म्हणजे अत्तरे, उटणी आणि धूप यांची पाककृती कुणीतरी मराठीत समजावून देत होते. दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापले.

३२/
'गंधसारा'त सुगंध सिद्ध करण्याच्या सहा प्रक्रिया आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावनात द्रव्याला रसाची पुटे द्यायची, धूपनात त्याला धुरी द्यायची, वासनात फुलांच्या सहवासात ठेवून त्यांचा वास मुरवायचा. यांतील प्रत्येक पायरीला वेळ आणि लक्ष लागते. सुगंध विकत आणून विसरून जाण्याची सोय या परंपरेत नव्हती.

३३/
समईची वात पुढे सारणे आणि काजळी काढणे ही महाराष्ट्रातील घरांत आजही कुणी शिकवावी लागत नाही, पाहून येते. पेल्यातल्या मेणबत्तीबद्दल मात्र हाच संस्कार झालेला नाही, कारण ती दुकानातून 'तयार' येते. शंभर-दीडशे वर्षे मेणबत्तीने आपली काळजी आपणच घेतली. तेवढ्या काळात माणसांची ती सवय मोडली.

३४/
सध्या सुगंधी मेणबत्त्यांच्या दुकानांत वाकड्या टोकाची एक लांब कात्री विक्रीस असते. 'विक ट्रिमर' असे तिचे नाव. पेल्याच्या तळापर्यंत पोहोचावी म्हणून तिची मान लांब केलेली असते, आणि कापलेले टोक पेल्यात पडू नये म्हणून पुढचा भाग चमच्यासारखा पसरट. डबी बसवलेल्या अठराव्या शतकातील कात्रीचे काम ती करते. फरक एवढाच, की तेव्हा ती नोकराच्या हाती असे. आता ती हौसेने भेट दिली जाते आणि घरातले माणूसच ती चालवते. कात्री नसेल, तर नखे कापण्याचे नेलकटरही चालते.

(धागा समाप्त)